स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशन आणि मुंबईतील स्त्रीशिक्षण

१८२९ मध्ये आलेल्या जॉन व मार्गारेट विल्सन या स्कॉटिश मिशनरी दाम्पत्याने आरंभी कोकणात मराठीचा अभ्यास केला. मुंबईत लवकरच मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३१ मध्ये प्रेसबिटेरियन पद्धतीची देशी ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. १८३२ मधील मुलांच्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय विकसित झाले. उपासना व विद्यादान यांचा हा संयोग मात्र निर्वेध नव्हता. १८३९ मध्ये पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतरावरून प्रकरण न्यायालयात गेले. अनेक पालकांनी मुले काढून घेतली. १८४९ मध्ये दादाभाई नौरोजी प्रभृती एतद्देशीय सुशिक्षितांनी स्वतंत्र कन्याशाळा सुरू केल्या. मिशनचे उदाहरण आणि धर्मांतराची धास्ती, या दोन्ही प्रेरणा एकत्र विचारात घेतल्याशिवाय मुंबईतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास पूर्ण होत नाही.