क्रिटेंडन यांची सहा कलमे : एक भाष्य

अमेरिकेतले यादवी युद्ध टळले असते का, यावर तर्क लढवण्यापेक्षा ते टाळण्यासाठी लिहिलेला मसुदाच वाचावा. केंटकीचे वयोवृद्ध सिनेटर जॉन क्रिटेंडन यांनी तो 18 डिसेंबर 1860 रोजी मांडला. दोनच दिवसांनी साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले.

कलम 1 : 36 अंश 30 कला अक्षांशाच्या उत्तरेकडील प्रदेशांत गुलामगिरीला बंदी, दक्षिणेकडे संरक्षण; आजच्या आणि पुढे मिळणाऱ्या भूमीतही.
रेघ जुनीच, 1820 च्या मिसुरी तडजोडीची. खरी मेख शेवटच्या तरतुदीत आहे. क्यूबा विकत घ्यावा, स्पेन देत नसेल तर हिसकावून घ्यावा, असा सल्ला तीन अमेरिकी राजदूतांनी 1854 मध्येच दिला होता. असलेल्या गुलामगिरीला हात न लावण्याची नवनिर्वाचित अध्यक्ष लिंकन यांची तयारी होती. विस्ताराला मात्र ठाम नकार होता. वर्ष लोटण्याआधी क्यूबाची मागणी पुढे येईल, असे त्यांनी खासगी पत्रात लिहिले. हा हट्ट नव्हता, हिशेब होता.

कलमे 2 व 4 : गुलाम राज्यांतील केंद्राच्या जागांवर गुलामगिरी रद्द करू नये, राज्याराज्यांतील गुलामांच्या व्यापारात काँग्रेसने पडू नये.
मालकांना अभय. अधिक सांगण्यासारखे काही नाही.

कलम 3 : मालकांना भरपाई आणि रहिवाशांची संमती असल्याशिवाय राजधानीतली गुलामगिरी हटवू नये, व्हर्जिनिया वा मेरिलँडमध्ये ती असेपर्यंत तर नाहीच.
पैसे मोजून गुलाम सोडवले असते तर रक्तपात टळला असता, असे म्हणणाऱ्यांनी डेलावेअरकडे पाहावे. तिथे गुलाम 1,800 सुद्धा नव्हते. लिंकन यांनी भरपाईची योजना पुढे केली, तीही युद्ध पेटल्यावर. तरी राज्याने ती स्वीकारली नाही. जिथे गुलाम मूठभर तिथे ही गत, मग कापसावर गबर झालेले मिसिसिपी कशाला विकणार?

कलम 5 : पळालेला गुलाम जमावाने सोडवला, तर मालकाला सरकारी तिजोरीतून भरपाई.
म्हणजे दास्यमुक्तीच्या कैवाऱ्यांनीही आपल्या करातून मालकांचे नुकसान भरून द्यायचे!

कलम 6 : ही कलमे पुढील कोणत्याही घटनादुरुस्तीने बदलता येणार नाहीत.
युद्ध टाळण्याची किंमत इथे उघडी पडते. सुमारे 40 लाख माणसांना, आणि त्यांच्या मुलाबाळांना, सुटकेची घटनात्मक वाट कायमची बंद. त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

2 मार्च 1861 रोजी सिनेटने हा मसुदा 20 विरुद्ध 19 मतांनी फेटाळला. तोवर सात राज्ये फुटली होती. पुढच्या लढाईत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, हे ध्यानात ठेवूनही म्हणतो : या अटींवरची शांतता फेटाळली गेली, ते योग्यच झाले.