दिनविशेष : ५ एप्रिल
ओल्ड सॅरमचे कॅथीड्रल (१०९२)

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, ओल्ड सॅरमच्या टेकडीवर उभारलेल्या कॅथीड्रलचा पवित्रीकरण सोहळा आजच्या दिवशी, १०९२ साली, बिशप ऑस्मंड यांच्या हस्ते झाला. टेकडीभोवतीचे मातीचे तट आणि खंदक लोहयुगातले. नॉर्मन राजांनी त्यांच्या मध्यभागी किल्ला बांधला आणि त्याच तटबंदीत चर्चलाही जागा दिली. पण सोहळ्याला जेमतेम पाच दिवस झाले आणि वादळाने चर्चची मोठी हानी केली! पुढे बिशप रॉजर यांनी ते अधिक मोठे करून पुन्हा बांधले.

तरीही तिथला संसार कधी सुखाचा झाला नाही. पाण्याची टंचाई पाचवीलाच पुजलेली. उघड्या माथ्यावर वारा असा घोंगावायचा, की प्रार्थनेचे सूर ऐकू येत नाहीत, अशी धर्मगुरूंची तक्रार असे. शिवाय किल्ल्यातल्या शिपायांशी रोजचे खटके. अखेर पोपची परवानगी मिळवून बिशप रिचर्ड पुअर यांनी धर्मपीठ खाली नदीकाठी हलवले. २८ एप्रिल १२२० रोजी तिथे नव्या कॅथीड्रलची पायाभरणी झाली आणि त्याच्याभोवती आजचे सॅलिस्बरी शहर वाढले. जुन्या चर्चचे दगडही वाया गेले नाहीत. नव्या आवाराच्या भिंतीत ते बसवले गेले. कोरीव नक्षीचे काही दगड त्या भिंतीत आजही ओळखू येतात. टेकडीवर मात्र जुन्या चर्चचा पायाच तेवढा उरला आहे. सॅलिस्बरीचा उंच मनोरा पाहून परतणाऱ्यांनी ही टेकडीही अवश्य चढावी.