तीन दिवस हात लावला नाही की फोन स्वतःच रीस्टार्ट का होतो?

ड्रॉवरमध्ये पडलेला फोन उघडला आणि बोटाच्या ठशाऐवजी थेट पिन मागितला? फोन बिघडलेला नाही. सलग ३ दिवस लॉक राहिलेला फोन आपोआप रीस्टार्ट करायची सोय अँड्रॉइडमध्ये एप्रिल २०२५ च्या गुगल प्ले सर्व्हिसेस अपडेटपासून यायला लागली. आयफोनमध्ये ती आयओएस १८.१ पासून आहे, ७२ तासांनी.

एकदा अनलॉक केलेल्या फोनच्या मेमरीत डेटा उघडायच्या किल्ल्या तशाच राहतात, स्क्रीन लॉक असली तरी. चोरलेला फोन चार्जिंगवर ठेवून, एखादा बग वापरून त्या मिळवता येऊ शकतात. रीस्टार्ट झाला की किल्ल्या पुसल्या जातात आणि पिन टाकेपर्यंत फोटो, मेसेज एनक्रिप्टेडच. (पिन १२३४ असेल तर मग काय बोलायचं!)

त्रास होतो तो गावच्या घरी हॉटस्पॉट म्हणून ठेवलेल्या जुन्या फोनचा. रीस्टार्टनंतर हॉटस्पॉट बंद, बहुतेक अ‍ॅप्स पिन टाकेपर्यंत सुरूच होत नाहीत. कॉल येतो, पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. घरच्यांना पिन सांगून दर दोन दिवसांनी अनलॉक करायला लावा. नाहीतर त्यातली बँकेची अ‍ॅप्स, मेल, फोटो आधी काढा आणि मगच स्क्रीन लॉक बंद करा.