मागच्या आसाची जबानी

मोटार धावत असता तिच्या मागल्या अंगाकडून घासल्यासारखी जी घरघर उमटते, तिचे मूळ नेमके कोणत्या भागात आहे हे गाडी उघडण्यापूर्वीच कानाने ठरविण्याची विद्या मुंबईच्या मोटार-मिस्त्र्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास चांगलीच परिपक्व केली होती. या विद्येचे श्रेय कोणी कारागिराच्या उपजत बुद्धीला देतात, कोणी अनुभवाला; परंतु तिचा इतिहास तपासू गेल्यास तिच्या मुळाशी एक रोकडे आर्थिक कारण आढळते, ते असे की, निदान चुकून भलताच भाग उघडला गेला, तर त्या काळी त्याची किंमत फार जबर पडे.

हा आवाज ज्या यंत्रात वस्ती करून असतो, त्याची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, अशी मोटारीची जुनी घडण. इंजिनाचे बळ गाडीखालून जाणाऱ्या लांब शाफ्टाने मागे न्यावयाचे, तेथे पिनियन या लहान दंतचक्राने क्राउन या मोठ्या दंतचक्राला फिरवून ते काटकोनात वळवावयाचे, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्याहून अधिक अंतर तोडावे लागते म्हणून ते दोन्ही चाकांत वाटून देताना त्यांच्या वेगांत फरक पडू द्यावयाचा, ही सारी कामे मिस्त्री ज्याला ‘हौसिंग’ म्हणतात त्या पोलादी कवचात चालतात. वेगांत फरक पडू देणारी ही डिफरन्शियलची युक्ती मोटारीहून कितीतरी जुनी. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने ती १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजली होती. पुढे १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ग्लीसन कारखान्याने सिद्ध केलेली हायपॉइड दात्यांची रचना मोटारीत आणली. तिच्यात पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसत असल्यामुळे शाफ्ट खाली उतरला व गाडीची बैठक ठेंगणी करता आली. पण दाते एकमेकांवर नुसते लोळण्याऐवजी घसरूही लागले आणि साध्या तेलाचा थर त्या दाबाखाली फाटू लागला. म्हणून गंधकयुक्त, उग्र वासाचे ते जाड तेल आले, ज्याला गॅरेजात ‘नव्वद नंबर’ म्हणतात. आणि त्या तेलाची पातळी उतरली, की मागच्या आसाची कुरकूर सुरू होई.

मुंबईत मोटारी अवतरल्या त्या १८९८ च्या सुमारास, आणि टॅक्सी रस्त्यावर आली १९११ मध्ये. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीस गाड्यांच्या जुळणीचा कारखाना घातला. फोर्डनेही मुंबईत जुळणी आरंभिली. या अमेरिकी अंमलात, संशय आला तर भाग बदलून पाहण्याची चैन निदान धनिकांना तरी परवडण्यासारखी होती. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या घराण्यातील गाड्या बाहेर पडू लागल्या. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असा अभिप्राय दिला की, गाडी येथेच घडविण्याची क्रमवार योजना ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी नुसत्या जुळणीचा धंदा आवरावा. आणि त्याबरहुकूम दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी आपले बस्तान गुंडाळले. मोटारींच्या बाजारात मुख्यत्वे उत्तरपाड्याची हिंदुस्तान, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड ही तीन नावे उरली. पुढची तीस वर्षे परवान्यांची: नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, आणि परदेशी सुट्या भागांवर जकातीचा व आयात-परवान्याचा खडा पहारा. निकामी झालेल्या डॉज वा प्लिमथच्या क्राउन-पिनियनसाठी चोरबाजाराची पायरी चढावी लागे. आणि फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिची टॅक्सी एक दिवस गॅरेजात उभी राहिली, तर चालकाचा त्या दिवसाचा रोजगार बुडालाच म्हणून समजावे.

या टंचाईने मिस्त्रीला न्यायाधीश बनविले. हौसिंग खोलण्याचा हुकूम सोडण्यापूर्वी तो गाडीची रीतसर जबानी घेई. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, हा पहिला सवाल. गाडी वेगात असता ती न्यूट्रलला टाकली आणि इंजिन मंदावूनही घरघर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष सुटे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता एक सूर आणि सोडला असता दुसरा, अशी साक्ष मिळाली, की संशय क्राउन-पिनियनवर जाई, कारण ताण उलटला म्हणजे दात्यांची दुसरी बाजू कामास लागते. उजवीकडच्या लांब वळणात भार डाव्या चाकावर पडतो. त्या वळणात आवाज चढला आणि डावीकडच्या वळणात उतरला, तर डाव्या चाकाचे बेअरिंग गेले असे धरावयाचे. ब्रेकवर पाय पडताच खर्रर झाले, तर अपराधी ड्रमच्या आत. त्या काळी लायनिंग शूवर रिबिटांनी जडविलेले असे, आणि ते झिजून रिबिटे उघडी पडली की ती ड्रमच्या बिडात चर पाडीत. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्याला लागताच सूर पालटला, तर सारा बोभाटा टायरचा.

शेवटी प्रत्यक्ष पाहणी. मागची चाके उचलून आस ठोकळ्यांवर टेकवावयाचा, गाडी गिअरमध्ये घालावयाची, मग मिस्त्री लांब पेचकसाचे टोक हौसिंगच्या नाकाडावर ठेवी आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावी. नंतर तेच टोक एका चाकाच्या बेअरिंगपाशी, मग दुसऱ्याच्या. जेथे खरखर सर्वांत स्पष्ट, तेथे खडूची खूण. मग बूच सैल करून तेलाचे चार थेंब बोटावर घेऊन तो उन्हात धरी; त्यांत पोलादाची चमकती कुसळे दिसली, की शहानिशा पुरी झाली.

निकालानंतरची अंमलबजावणी याहून कठीण. क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच सिद्ध होतात, म्हणून एकाचा दाता तुटला तरी दोन्ही बदलावी लागतात. नवी जोडी बसविताना दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर फासून ती हाताने फिरवावयाची आणि शेंदूर कोठे पुसला गेला ते निरखावयाचे. ठसा दात्याच्या मध्यावर उमटला तर ठीक, कडेला सरकला तर पिनियनमागे पातळ शिम घालून वा काढून सारे पहिल्यापासून. ही चूक आत राहून गेली, तर नवी कोरी जोडीही लवकरच ओरडू लागे, आणि दोष मात्र पेटीतल्या मालावर ढकलला जाई.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिने चालना पुढच्या चाकांकडे नेली; डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात शिरले, आणि मागच्या बाजूस आवाज करण्याजोगी बेअरिंगे, ब्रेक व टायर एवढीच मंडळी उरली. पुढे बेअरिंग हबासकट एकसंध, बंद भाग म्हणून येऊ लागले, तेव्हा ते तपासण्यापेक्षा बदलणेच सोयीचे ठरले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन दफ्तरी झाली आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ मध्ये ती रस्त्यावरून बाद झाली.

तथापि ही विद्या लोपली असे म्हणणे दुरुस्त होणार नाही. मालट्रक आणि जीप यांचा मागचा आस अजून जुन्याच रीतीने चालतो, आणि भरलेला ट्रक घाटात अडकून पडण्याची किंमत अजूनही जबर आहे. तेथे हौसिंगला पेचकस लावून ऐकणारा कान आजही रोजगार मिळवितो. खाजगी मोटारीच्या धंद्यातून तो उठला, कारण तेथे चूक स्वस्त झाली. टंचाईने शिकविलेले शहाणपण सुबत्तेच्या काळात राखावयाचे, तर ते वेळीच कागदावर उतरविणे हाच एक उपाय होता. पण ज्यांना ते अवगत होते त्यांना पगार गाडी दुरुस्त करण्याचा मिळे, आणि ज्यांना लिहिण्याचा पगार होता ते गॅरेजच्या दारात फक्त गाडी ठेवून जात.