मांसनिर्यात कंपन्यांची आर्थिक स्थिती

म्हशीचे गोठविलेले मांस परदेशी पाठविणाऱ्या भारतीय कंपन्यांचा बराच मोठा माल रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून (स्थापना १९८९) जातो. या व्यवसायातील अग्रगण्य अल्लाना समूहाची स्थापना मुंबईत १८६५ मध्ये झाली. अशा मोठ्या कंपन्या बहुधा खाजगी असल्याने त्यांच्या भागांना बाजारभाव नसतो. त्यामुळे त्यांची पत ताळेबंदावरूनच जोखावी लागते.

जनावरे रोखीने खरेदी करावी लागतात. मालाचे पैसे मात्र जहाज पोहोचल्यावर, कित्येकदा त्याहूनही उशिरा हाती येतात. हे अंतर बँकांच्या कर्जाने भरून निघते. म्हणून नफ्यापेक्षा खेळते भांडवल आणि येणे रकमांची वसुली यांकडे प्रथम पाहणे योग्य. उणे १८° से. तापमान राखणारी शीतगृहे आणि शीतपेट्या यांचा खर्च बंद कारखान्यासही पूर्णतः टळत नाही. कातडी, चरबी व हाडे यांच्या विक्रीवर नफ्याचा बराच भाग अवलंबून असतो. ही बाब सर्वसाधारण वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

केवळ रुपयांतील उलाढाल पाहणे फसवे ठरते. २०१४-१५ मध्ये देशातून सु. १४·७६ लाख टन मांस निर्यात होऊन सु. २९,२८२ कोटी रु. मिळाले, २०२०-२१ मध्ये हे आकडे सु. १०·८६ लाख टन व २३,४६० कोटी रु. असे होते. दर टनामागे रुपये वाढले खरे. परंतु डॉलरमधील एकूण उत्पन्न सु. एक-तृतीयांशाने घटले. रुपयाच्या अवमूल्यनाने ही घसरण काही अंशी झाकली गेली.

धोके ताळेबंदाबाहेरही असतात. लाळ-खुरकत रोगामुळे यूरोप व अमेरिका यांच्या बाजारपेठा बंद आहेत. परिणामी व्हिएटनाम, मलेशिया, ईजिप्त, इंडोनेशिया अशा मोजक्या ग्राहकांवर भिस्त राहिली. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशी तिच्यातून वगळल्या गेल्या. २०१७ मध्ये केंद्राने गुरांच्या बाजारांवर घातलेल्या निर्बंधांत मात्र म्हशींचाही समावेश होता. न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली, तरी पुरवठ्याविषयीची अनिश्चितता भाकड म्हैस विकून दुभती घेणाऱ्या शेतकऱ्यासही जाणवली.