सरा : परजीवी व रोग यांच्या संबंधाचा इतिहास

घोडा, उंट, गाय, म्हैस, कुत्रा इ. प्राण्यांच्या रक्तात वाढणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हॅन्साय या एककोशिक परजीवीमुळे होणाऱ्या रोगास सरा म्हणतात. सडलेला या अर्थाच्या हिंदी शब्दावरून हे नाव आले, असे मानले जाते. पुन्हापुन्हा उलटणारा ताप, रक्तक्षय, पायांवर व पोटाखाली येणारी सूज आणि चारा खाऊनही वाढत जाणारी कृशता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचार न झाल्यास घोडे व कुत्री बहुधा दगावतात. उंटांत रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्यामुळे त्यास तिबरसा (तीन वर्षांचे दुखणे) असेही नाव पडले.

पंजाबातील डेरा इस्माइलखान (आता पाकिस्तानात) येथे लष्कराचे घोडे व उंट या रोगाने मरत असल्याने १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हॅन्स (१८३५–१९३५) या वेल्श पशुवैद्यांना चौकशीसाठी पाठविण्यात आले. आजारी जनावरांच्या रक्तात त्यांना वळवळणारे सूक्ष्म जीव आढळले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी ते रक्त निरोगी घोड्यांना व कुत्र्यांना टोचले. त्यांनाही तोच रोग झाला व त्यांच्या रक्तातही तेच जीव दिसले. त्याच वर्षी लाव्हरां यांनी अल्जीरियात हिवतापाचा परजीवी पाहिला, हा योगायोग लक्षणीय आहे.

इव्हॅन्स यांचा निष्कर्ष मात्र सहजी स्वीकारला गेला नाही. टिमोथी लूइस यांना कलकत्त्यात निरोगी उंदरांच्या रक्तात असेच जीव पूर्वी सापडले होते; तेव्हा घोड्यातील जीवही निरुपद्रवी असावेत, असा तत्कालीन जाणकारांचा तर्क होता. हा तर्क अगदीच निराधार नव्हता. उंदरातील तो परजीवी खरोखरच बहुधा निरुपद्रवी असतो. चूक झाली ती, दिसण्यात सारखे ते परिणामातही सारखे, असे गृहीत धरण्यात. पुढे मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झालेले जे. एच्. स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांत हा जीव पाहिला. त्यांनी त्याला इव्हॅन्स यांचे नाव दिले. पण त्याची गणना सर्पिल जंतूंत केली. तो कशाभिकायुक्त प्रजीव आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. १८९५ मध्ये डेव्हिड ब्रूस यांना झूलूलँडमधील गुरांच्या नागाना रोगात तसाच परजीवी आढळला, तेव्हा इव्हॅन्स यांच्या कार्याचे महत्त्व सर्वांना पटले.

भारतात या रोगाचा पद्धतशीर अभ्यास ॲल्फ्रेड लिंगार्ड यांनी केला. त्यांची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली व १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. दूषित पाणी व चारा यांतून सरा पसरतो, अशी समजूत तेव्हा प्रचलित होती. लेनर्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये टॅबॅनस वंशातील मोठ्या चावऱ्या माश्या तो पसरवितात, हे प्रयोगाने दाखविले. माशीच्या शरीरात या परजीवीची वाढ होत नाही. तोंडाच्या अवयवांना लागलेले ताजे रक्त दुसऱ्या जनावरास चावताना पोहोचते, इतकेच. नागानाच्या परजीवीस आफ्रिकेतील त्सेत्से माशी लागते. सऱ्याचा परजीवी या बंधनातून सुटल्यामुळे आशिया व दक्षिण अमेरिका खंडांतही पसरला.

ताप का उलटतो, याचे उत्तर पुष्कळ नंतर मिळाले. परजीवी आपले प्रथिनमय बाह्यावरण वरचेवर बदलतो. एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होईपर्यंत दुसऱ्या आवरणाची पिढी वाढलेली असते. परिणामकारक लस याच कारणाने तयार होऊ शकलेली नाही. सुरामीन, क्विनापिरामीन इ. औषधे वापरली जातात. गायी-म्हशींत रोग पुष्कळदा सौम्य अथवा अव्यक्त राहतो. धडधाकट दिसणारी अशी जनावरे शेजारच्या घोड्यांना मारक ठरतात.

मनुष्यास सरा होत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. सुरामिनाने तो बरा झाला. मानवी रक्तद्रवातील ॲपोलिपोप्रथिन एल-१ हे प्रथिन या परजीवीचा नाश करते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्याच्या शरीरात या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याने ते तयारच होत नव्हते.