अंकगणिती पदावलींची संकेतनिर्मिती

अंकगणिती पदावलीचे असेंब्ली भाषेतील आज्ञांत रूपांतर करण्याची कंपायलरची प्रक्रिया. पदावलीचा वृक्ष रचल्यावर प्रत्येक क्रियेची दोन्ही पदे आधी सिद्ध करून मगच ती क्रिया करावी, हा नियम सोपा खरा. परंतु यंत्रातील रजिस्टरे मोजकीच असल्यामुळे, कोणती शाखा प्रथम सोडवावी यावरच आज्ञांची काटकसर बव्हंशी अवलंबून राहते. अ + ब × क ही पदावली डावीकडून घेतल्यास तिन्ही पदे एकाच वेळी तीन रजिस्टरे अडवून बसतात. ब × क आधी उरकल्यास दोहोंतच काम भागते. अधिक रजिस्टरे मागणाऱ्या शाखेस अग्रक्रम देण्याच्या या तजविजीचे मूळ सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई येर्शोव्ह यांच्या १९५८ मधील लेखात असून, रवी सेठी व जेफ्री उलमन यांनी १९७० मध्ये तिला दिलेली काटेकोर सिद्धता अत्यंत देखणी आहे. सामाईक उपपदावली असल्यास मात्र ही तजवीज सर्वांत काटकसरीची ठरेल, अशी हमी उरत नाही.